कालांतराचा ताळा

अमरावतीच्या आमच्या जुन्या घरांत पंचांगामध्यें ‘५।३०’ असा आंकडा दिसला कीं वडील प्रथम विचारीत, ‘ही घटी-पळें कीं तास-मिनिटें?’ घटी चोवीस मिनिटांची; म्हणून ५ घटी ३० पळें म्हणजे अवघे २ तास १२ मिनिटें. आंकडा तोच, मुहूर्त मात्र हुकावयाचा!

अकोल्याचा माझा एक जुना विद्यार्थी संगणकाचें काम करतो. पोस्टग्रेस नांवाचा, ज्याची संहिता सर्वांस खुली आहे असा एक डेटाबेस आहे. महिना कधीं २८, कधीं ३१ दिवसांचा. म्हणून तो कालांतराचे महिने, दिवस व त्याखालील वेळ निरनिराळीं ठेवतो आणि २००९ सालच्या ८.४ आवृत्तीपासून तें चार पद्धतींनीं लिहूं शकतो. त्या लेखनांत विद्यार्थ्यानें एक सुधारणा केली. ‘गुरुजी, आंकडे आतां सुबक दिसतात,’ तो म्हणाला.

मीं विचारलें, ‘ताळा पाहिलास?’

‘-१ २:०३:०४’ हें उदाहरण घ्या. एस्‌क्यूएलच्या प्रमाणाप्रमाणें उणें चिन्ह दिवस व तास दोहोंस लागतें. पोस्टग्रेसच्या परंपरेनें केवळ दिवसास. दोन अर्थांत ४ तास ६ मिनिटें ८ सेकंदांचें अंतर पडतें! त्यानें आपलें लेखन त्याच पद्धतीनें पुन्हा वाचविलें, तों उणें कालांतर निराळेंच होऊन परत आलें. त्यानें सुधारणा मागें घेऊन दुरुस्त केली.

भागाकाराचा ताळा आपण गुणाकारानें पाहतों. लेखनाचा ताळा वाचनानें पाहावा. दुसऱ्याचें काम तपासणारानें सुबकपणावर न भुलतां एवढें विचारावें: लिहिलें तेंच परत मिळतें काय?