आकड्याआधी यंत्र तपासा



बाहेर विज्ञान प्रदर्शनात विद्यार्थ्यांनी हवेची गुणवत्ता दाखवणारी हातात मावणारी यंत्रं मांडली आहेत. मुलांची हौस कौतुकाची आहे. माझं सांगणं इतकंच, की गोंदियाच्या हवेत पारखल्याशिवाय या यंत्रांचा आकडा कुणापुढे पुरावा म्हणून ठेवू नका.

हे यंत्र धूळ तोलत नाही. इवलासा पंखा हवा आत ओढतो, कण लेसरच्या झोतातून जातात, विखुरलेला प्रकाश मोजून वजनाचा अंदाज बांधला जातो. आपला जिल्हा तलावांचा. डिसेंबरच्या पहाटे धुकं दाटलं, की कण ओल शोषून फुगतात, प्रकाश जास्त विखुरतो आणि पीएम २.५ चा, म्हणजे अतिसूक्ष्म धूलिकणांचा, आकडा चढतो. हवा मोजणाऱ्या प्रमाणित केंद्रावर ती आधी तापवून कोरडी करतात, म्हणून तिथे हा घोळ कमी होतो. राइस मिलमध्ये नेमकं उलट घडतं. चाळणीपाशी उडणारी कोंड्याची धूळ जाडसर असते आणि असे कण स्वस्त यंत्राला नीट दिसत नाहीत. तिथे उभं राहिलं तर ठसका लागतो, पडद्यावर मात्र पीएम १० बेताचाच!

दोन यंत्रं एकमेकांशी जुळली, म्हणजे दोन्ही खरी, असंही नाही. समजा, प्रमाणित यंत्राने ओळीने ४०, ५०, ५५ दाखवले आणि आपल्या यंत्राने ८०, १००, ११०. चढउतार तंतोतंत जुळतो, पण आकडा दुप्पट. पीएम २.५ साठी देशाची चोवीस तासांची मर्यादा घनमीटरमागे ६० मायक्रोग्रॅम आहे. तिच्या आतली हवा आपण बाहेरची ठरवून बसू. शिवाय ही मर्यादा दिवसभराच्या सरासरीला लागू होते, क्षणाच्या आकड्याला नव्हे.

महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ आणि आयआयटी कानपूर यांनी २०२०-२१ मध्ये मुंबईत अशी यंत्रं मंडळाच्या केंद्रांवर, प्रमाणित यंत्रांच्या शेजारी लावून तपासली. पद्धत तीच घ्यावी. मुंबईच्या हवेसाठीची आकड्यांची दुरुस्ती मात्र जशीच्या तशी उचलू नये. तिथे समुद्राची हवा, इथे धानाची मळणी, चुलीचा धूर आणि मोहाच्या दिवसांत जंगलातला वणवा.

धान विकताना शेतकरी काट्यावरची मोहोर पाहतो. इथेही तीच सवय हवी. म्हणून माझी सूचना अशी: नागपूरच्या प्रमाणित केंद्राशेजारी आपली यंत्रं पावसाळ्यात, थंडीत आणि मे महिन्यात काही आठवडे ठेवण्याची परवानगी मागूया. मग गाळणकागदावर धूळ साठवून तोलणारं साधन जिल्ह्यातल्या एखाद्या महाविद्यालयात आणून इथल्या हवेतही पडताळूया. जिल्ह्याच्या आठही तालुक्यांत नोंदवह्या ठेवून आकड्याशेजारी तापमान, आर्द्रता आणि जागा लिहायची, पंख्यातली धूळ कधी साफ केली तेही.

तोवर ही यंत्रं निरुपयोगी आहेत का? मुळीच नाही. एकाच खोलीत चूल पेटण्याआधी आणि नंतर किती फरक पडला, हे ती चांगलं दाखवतात. दोष कुणाचा, गिरणीचा की तिरोड्याच्या वीजकेंद्राचा, हे मात्र एकटा आकडा सांगत नाही. तक्रार करायचीच असेल तर पडताळलेल्या नोंदींनिशी करूया. मग समोरच्याला 'तुमचं यंत्रच खोटं' म्हणायला जागा उरणार नाही.