घाटमाथ्याचा पाऊस, दिल्लीचा मसुदा आणि आपले खाचर

(मावळातील भात उत्पादकांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



लोणावळ्याला वर्षाकाठी साधारण साडेचार हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तेथून लोकलने तळेगावला उतरावे, तर हा आकडा निम्म्याच्याही खाली आलेला असतो. तालुका एकच, परंतु पाऊस दोन तऱ्हेचा. म्हणून हवामान खात्याचा अंदाज ऐकताना 'पुणे जिल्हा' एवढ्यावर थांबू नये. खाते 'पुणे घाट' असा इशारा वेगळा देते. नाणे मावळ, पवन मावळ आणि आंदर मावळाच्या वरच्या अंगाच्या गावांनी तोच आपला समजावा. जोराच्या पावसाचा इशारा असताना इंद्रायणी भाताला युरिया फेकून देऊ नये. तो खाचरातून ओढ्यात आणि ओढ्यातून नदीत जातो. पैसे मात्र आपले गेलेले असतात.

आता हा अंदाज देतो कोण? राज्यघटनेप्रमाणे हवामान संस्था केंद्राच्या यादीत, तर शेती, जमीन आणि पाणी राज्याच्या यादीत. कृषी हवामानशास्त्राचा विभाग आपल्या पुण्यातच १९३२ साली सुरू झाला. पण तो केंद्राचा. पिकाचा सल्ला मात्र राज्याच्या कृषी विद्यापीठांचे शास्त्रज्ञ तयार करतात. दोघांच्या मेळावर ही सेवा चालते आणि मेळ ढळला की फटका शेतकऱ्याला बसतो. कृषी विज्ञान केंद्रांत २०१८ पासून उघडलेली जिल्हा कृषी हवामान केंद्रे देशात १९९ झाली होती. २०२४ च्या आरंभी ती बंद करण्याचा आदेश दिल्लीहून आला. माहिती गोळा करून सल्ला सांगणारा जवळचा माणूस त्यामुळे गेला. यंत्रातून आकडे येतीलही, पण 'करपा दिसतोय, आज फवारू की उद्या?' हे यंत्राला विचारता येत नाही.

राज्याने आपल्या बाजूने 'महावेध' प्रकल्पातून महसूल मंडळनिहाय स्वयंचलित केंद्रे उभारली. हवामानावर आधारित फळपीक विम्याची भरपाई त्यांच्याच नोंदीवर ठरते. अतिवृष्टीचा निकषही मंडळाचाच : चोवीस तासांत ६५ मिलिमीटर. घाटमाथ्यावर जुलैत एवढा पाऊस नित्याचाच, हा भाग निराळा! केंद्र खोऱ्यात आणि तुमचे खाचर डोंगराच्या कुशीत असेल, तर नोंद एक आणि नुकसान दुसरेच, असे होते.

हीच ओढाताण डोंगराच्या बाबतीतही आहे. पश्चिम घाटासाठी माधव गाडगीळ समितीचा अहवाल २०११ मध्ये व कस्तुरीरंगन गटाचा २०१३ मध्ये आला. पुढे १० मार्च २०१४ रोजी केंद्राने पर्यावरण संवेदनशील क्षेत्राचा मसुदा काढला. सहा राज्यांत मिळून सुमारे ५६,८०० चौरस किलोमीटर, पैकी महाराष्ट्रात १७,३४०. मावळातील गावेही त्यात आहेत. राज्यांनी हरकती घेतल्या, गावे वगळण्याची मागणी केली. मसुदा मुदतीत अंतिम झाला नाही, की नवा काढावा लागतो. असे २०२४ पर्यंत सहा मसुदे निघाले. सहावा ३१ जुलै २०२४ चा, वायनाडची दरड कोसळल्याच्या दुसऱ्याच दिवशीचा.

'शेती बंद होणार, घर दुरुस्त करता येणार नाही, जमीन विकता येणार नाही,' असे गावात सांगितले जाते. मसुद्यात तसे नाही. बंदी आहे ती खाणी, दगडखाणी व वाळू उपशावर, नव्या औष्णिक वीज प्रकल्पांवर, अति प्रदूषणकारी उद्योगांवर आणि २०,००० चौरस मीटर व त्याहून मोठ्या बांधकामांवर. खरेदी-विक्रीला आडकाठी नाही. महाबळेश्वर-पाचगणी २००१ पासूनच असे क्षेत्र आहे. तेथील स्ट्रॉबेरी थांबलेली नाही. बांधकाम परवानगीचा त्रास तेथील लोकांना होतो, हेही खरे, आणि ते लपवू नये.

दगडखाणीचा परवाना राज्याचा आणि बंदीचा मसुदा केंद्राचा. या दोहोंत डोंगर मात्र फोडला जातो. पवन मावळात एका शेतकऱ्याने मला आपले खाचर दाखविले. वर प्लॉटसाठी टेकडी कापली होती. पहिल्याच पावसात मुरूम वाहून रोपवाटिकेवर बसला होता. त्यांचा प्रश्न होता, "साहेब, तक्रार दिल्लीला करू की मुंबईला?" मी म्हटले, आधी ग्रामसभेत करा, आणि ठराव लेखी घ्या.

माझा आक्षेप वेगळाच आहे. हरकतींना मुदत साठ दिवसांची असते. पाचवा मसुदा ६ जुलै २०२२ चा, म्हणजे ऐन लावणीत! राजपत्र हिंदी-इंग्रजीत. चिखलात उभ्या असलेल्या माणसाने ते केव्हा वाचावे? तेव्हा पुढच्या वेळी मसुदा निघाला, की ग्रामसेवकाकडून यादीत आपले गाव आहे का ते पाहून घ्यावे आणि कोणती अट मान्य, कोणती जाचक, हे ठरावात स्वतंत्र लिहावे. 'आमचे गाव वगळा' एवढ्या एका ओळीने वरची दगडखाणही सुटते, हे ध्यानात ठेवावे.

पावसाच्या नोंदीसाठी गावात एक साधा पर्जन्यमापक बसवावा. झाड किंवा घर यांच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर, उघड्या जागी तो असावा. रोज सकाळी साडेआठला मोजून वहीत तारखेसह लिहावे. शाळेतील मुले हे काम हौसेने करतात. सुट्टीच्या दिवशी कोणी मोजायचे, ते मात्र आधीच ठरवून ठेवावे.