ऐकणें स्वस्त, बोलणें महाग



बँकेंतील शिल्लक कशी जपावी हें आपण मुलांना शिकवितों. परंतु खिशांतल्या बॅटरींतील शिल्लक कशी जपावी हें फारसें कोणी शिकवीत नाहीं. शहरांत त्याची गरजहि भासत नाहीं. मात्र ज्या डोंगरांत मोबाइल मुका होतो, तेथें जाणाऱ्यानें हा हिशेब शिकलाच पाहिजे. आणि त्याच्या घरच्या मंडळींनीं तर त्याच्याहि अगोदर शिकला पाहिजे. असें कां, तें आज सांगावयाचें आहे.

डोंगरांत नेण्याच्या यंत्रांचे दोन वर्ग करावे. पहिला केवळ ऐकणाऱ्यांचा. जीपीएसचे उपग्रह सुमारें २०,२०० किलोमीटर उंचीवरून अखंड वेळ सांगत असतात. हातांतील यंत्र निदान चार उपग्रहांचे संकेत ऐकतें, त्यांवरून गणित करतें आणि आपला ठावठिकाणा दाखवितें. तें स्वतः एक अक्षरहि बोलत नाहीं; म्हणून त्याचा खर्च बेताचा असतो, आणि गणित कमी वेळां करावयास लावलें तर तो आणखी घटतो. गार्मिनचें ईट्रेक्स एसई हें यंत्र दोन पेन्सिल सेलांवर नेहमींच्या पद्धतीनें १६८ तास, आणि क्वचितच स्थान टिपणाऱ्या मोहिमेच्या पद्धतीनें १,८०० तास चालतें, असें निर्माते सांगतात. सेल तेच, फरक पडला तो ‘मी कोठें आहें?’ हें किती वेळां विचारलें यानें.

दुसरा वर्ग बोलणाऱ्यांचा. इनरीचसारखीं यंत्रें आपलें स्थान व लहान संदेश इरिडियमच्या उपग्रहांकडे पाठवितात. हे ६६ उपग्रह सुमारें ७८० किलोमीटरांवर, म्हणजे जीपीएसच्या मानानें अगदीं जवळ फिरतात. तरीहि मुठींत मावणाऱ्या यंत्रास तेथवर आवाज पोंचविण्यासाठीं, क्षणभर कां होईना, बराच जोर लावावा लागतो. वर झाडी दाट असली किंवा दरी अरुंद असली तर संदेश पोंचत नाहीं. यंत्र पुनःपुन्हां हाका मारीत राहतें आणि त्या हाकांतच बॅटरी झिजते.

निर्मात्यांच्या म्हणण्याप्रमाणें इनरीच मिनी २ हें यंत्र दर १० मिनिटांनीं स्थान कळविल्यास १४ दिवसांपर्यंत, व दर ३० मिनिटांनीं कळविल्यास ३० दिवसांपर्यंत चालतें. संदेश एक-तृतीयांशावर आले, पण आयुष्य तिप्पट झालें नाहीं. दुपटीहून थोडेंच अधिक वाढलें. कारण गप्प असतांनाहि यंत्र घड्याळ चालवितें आणि येणाऱ्या निरोपाकडे कान देतें. दुकान बंद ठेवलें तरी भाडें चुकत नाहीं, तसाच हा प्रकार.

आतां घरच्या मंडळींविषयीं. अमेरिकेंत नोकरीस असलेला मुलगा सुटींत रॉकी पर्वतांत चालूं लागला, कीं पुण्यामुंबईंत आईवडील नकाशावरील ठिपक्यांकडे डोळे लावून बसतात. ठिपका दर दहा मिनिटांनीं हवा असा त्यांचा आग्रह. त्यामागचें प्रेम समजतें. पण ज्या बॅटरींतून आईचें समाधान होतें, त्याच बॅटरींतून, पाय मोडला त्या दिवशीं, मदतीची हाक जावयाची असते. आणि ती हाक म्हणजे एकच संदेश नव्हे. बचाव-पथकाच्या प्रश्नांस उत्तरें देत तें यंत्र तासन्‌तास जागें राहिलें पाहिजे.

या पेंचांतून सुटण्याचा एक जुना मार्ग आहे. १९८२ सालीं ज्या कॉस्पास-सारसॅट उपग्रह-योजनेमुळें पहिले जीव वाचले, तिचा लहानसा संकटसूचक आज खिशांत मावतो. त्याची बॅटरी मोहोरबंद असते. वर्षानुवर्षें तो मौन पाळतो. संकटांत कळ दाबली म्हणजे मात्र, शून्याखालीं २० अंश थंडींतहि, निदान २४ तास तो सुमारें दर ५० सेकंदांनीं हाक देत राहतो. ‘सुखरूप पोंचलों’ एवढेंहि त्याला सांगतां येत नाहीं, हीच त्याची किंमत आणि हेंच त्याचें बळ.

बोलकें यंत्र नेणाऱ्यानें तें थंडींत अंगालगत, आंतल्या खिशांत ठेवावें. रात्रीं तंबूंत बंद करावें. नकाशा पाहण्यासाठीं कागद बरोबर घ्यावा. आपल्या देशांत अशीं उपग्रहाशीं बोलणारीं यंत्रें सरकारी परवानगीवांचून बाळगणें बेकायदेशीर आहे, हें परदेशांतून येणाऱ्या मुलांनीं सामान बांधतांना विसरूं नये.

आणि घरच्यांनीं काय करावें? निघण्यापूर्वींच ठरवावें: सकाळ-संध्याकाळ एकेक निरोप, आणि किती तास निरोप न आल्यास कोणास कळवावयाचें, तें लिहून ठेवावें. ती मुदत संपेपर्यंतच्या मौनाचा अर्थ संकट असा करूं नये. तें मौन म्हणजे मुलानें खऱ्या गरजेसाठीं राखून ठेवलेली शिल्लक आहे.