औषध पुरे होईपर्यंत



मी डॉक्टर नव्हे. कामगारांच्या रजेचे अर्ज लिहिता लिहिता माझे केस पिकले. या विषयाकडेही मी तेथूनच पाहतो.

गर्भाचे पोषण करणाऱ्या वारेच्या पेशींपासून क्वचित एक कर्करोग उद्भवतो. त्याचे नाव कोरिओकार्सिनोमा. तो द्राक्षगर्भानंतर होतो, गर्भपातानंतर होतो, कधी सुखरूप बाळंतपणानंतरही होतो. रक्तावाटे तो फुफ्फुसात, यकृतात, मेंदूत पोहोचतो. खोकल्यातून रक्त पडले की घरचे क्षय समजतात.

त्यावरील औषधाची कुळकथा ऐका. 1928 साली लूसी विल्स या इंग्रज डॉक्टरीणबाई मुंबईस आल्या. गिरण्यांत राबणाऱ्या गरोदर बायांचा पांडुरोग यीस्टच्या अर्काने हटतो, हे त्यांनी 1931 साली प्रसिद्ध केले. त्या शोधातून पुढे फॉलिक आम्ल हाती आले. आपल्या आंध्रचे यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या देखरेखीखाली ते अमेरिकेत तयार झाले, आणि मग त्याची वाट अडवणारी औषधेही निघाली. वाढत्या पेशीला ते आम्ल हवेच. अडवले की ती उपाशी मरते. त्यांपैकी मेथोट्रेक्सेट देऊन मिन चिऊ ली आणि रॉय हर्ट्झ यांनी फुफ्फुसात पसरलेला हा रोग हटवला, आणि 1956 साली ते जाहीर केले.

हा रोग एचसीजी नावाचे द्रव्य रक्तात सोडतो. फुफ्फुसातली गाठ दिसेनाशी झाली तरी ते द्रव्य उतरेपर्यंत औषध थांबवू नये, असे ली म्हणत. त्या हट्टापायी त्यांची नोकरी गेली. पुढे त्यांचेच खरे ठरले. आज रोग पसरलेला असला तरी बहुतेक जणी बऱ्या होतात, पुष्कळदा गर्भाशयही राहते.

आपला प्रश्न येथेच आहे. 1961 च्या कायद्याने गर्भपातानंतर सहा आठवडे पगारी रजा दिली, त्यातून उद्भवलेल्या दुखण्याला आणखी एक महिना. हा उपचार मात्र कित्येक महिने चालतो, आणि रक्ताची तपासणी त्यानंतर साधारण वर्षभर. कोलाडहून परळच्या टाटा रुग्णालयात एक खेप म्हणजे एक खाडा. बाईला बरे वाटू लागते, मजुरी बुडत असते, आणि ती पुढची खेप टाळते. रोगाला तेवढी सवड पुरते.

म्हणून संघटनांनी डॉक्टरांच्या चिठ्ठीवर पुरी रजा आणि गाडीभाडे मागावे. आणि घरच्यांनी, "आता बरी आहेस ना?" असे विचारण्याआधी, "रक्ताचा आकडा किती आला?" हे विचारावे.