फरशीची निवड

नवे घर घेणारा गृहस्थ भिंतींच्या रंगाविषयी घरातील सर्वांचे मत घेतो आणि फरशीचा निर्णय मात्र एका दुपारी दुकानात उभ्याउभ्या उरकतो. वस्तुतः रंग काही वर्षांनी पुन्हा देता येतो. एकदा बसलेली फरशी उखडण्याची छाती सहसा कोणास होत नाही. शिवाय दुकानात ती कोरडी, दिव्याच्या झोतात मांडलेली असते आणि आपण पायांत जोडे घालून ती पाहतो. घरी तिच्यावर अनवाणी पाय पडायचे असतात, आणि पुष्कळदा ओले.

पूर्वी आपल्याकडे निवडीस फारसा वावच नव्हता. जमीन शेणाने सारवावी, ऐपत असेल तर शहाबादी घालावी. हा दगड कर्नाटकातील कलबुर्गी जिल्ह्यातल्या शहाबादेच्या नावाने ओळखला जातो. राजस्थानचा कोटा आणि आंध्रातला काळा कडप्पा हे त्याचेच भाऊबंद. तिघेही चुनखडीच्या जातीचे. मकराण्याचा संगमरवर कितीही शुभ्र व महाग असला, तरी तोही भूगर्भातील उष्णतेने व दाबाने पालटलेला चुनखडकच. म्हणून या सर्वांचा वैरीही एकच, तो म्हणजे आम्ल. लिंबाचा रस सांडून तसाच राहिला की झिलई जाते आणि डाग उमटतो. न्हाणीघर धुण्याचे तीव्र आम्ल तर यांच्याजवळ आणूच नये. ओट्याला कडप्प्याऐवजी ग्रॅनाइट पसंत करतात, त्याचे एक मोठे कारण हेच. मात्र या दगडांचा एक गुण मला फार मोलाचा वाटतो. ते आरपार एकाच द्रव्याचे असल्यामुळे वीस-पंचवीस वर्षांनी निस्तेज झाले, तरी घासून पुन्हा झिलई देता येते. चांगल्या शहाबादीवर केवळ हौसेखातर नवी फरशी चढविणारे मी पाहतो, तेव्हा मला हळहळ वाटते. (त्यात जमिनीची पातळी वाढते आणि दारे घासू लागतात, हे सुतार आल्यावरच कळते!)

सिमेंटच्या नक्षीदार फरश्यांचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाववत नाही. १९२२ साली सिधवा कुटुंबीयांनी ‘भारत टाइल्स’चा कारखाना काढला. या फरश्या भट्टीत भाजीत नाहीत. दाबयंत्रात घडवून पाण्यात मुरवितात. त्या काळच्या कित्येक घरांत त्यांची वेलबुट्टी अद्याप शाबूत आहे.

आज दुकानात मुख्यत्वे दिसतात त्या भाजलेल्या मातीच्या फरश्या. त्यांचे गुजरातेतील मोठे केंद्र म्हणजे मोरबी. यांत दोन प्रकार नीट ओळखावेत. भिंतीची चकचकीत सिरॅमिक फरशी सच्छिद्र असते. ती आपल्या वजनाच्या शेकडा १० हून अधिक पाणी शोषू शकते. व्हिट्रिफाइड फरशी सुमारे १२०० अंश सेल्सिअस उष्णतेत भाजून जवळजवळ काचेसारखी घट्ट केलेली असते. तिचे शोषण शेकडा अर्ध्याच्या वर जात नाही. पारख सोपी आहे. फरशी उलटी करून पाठीवर पाण्याचे चार थेंब टाकावेत. पाणी झटकन जिरले तर ती भिंतीची समजावी, जमिनीला लावू नये.

परंतु घट्टपणा म्हणजे सुरक्षितता नव्हे. माझ्या परिचयातील एका गृहस्थांनी मोठ्या हौसेने मातोश्रींच्या न्हाणीघरात आरशासारखी पांढरी फरशी बसविली. पहिल्याच श्रावणात आजी पहाटे घसरल्या, खुब्याचे हाड मोडले, आणि तेव्हापासून काठी हाती आली. त्या महागड्या फरशीवर आता रबरी चटया अंथरलेल्या असतात.

घसरणीची परीक्षा घेण्याच्या जर्मन पद्धती आहेत. ‘आर ९’, ‘आर १०’ असे आकडे विक्रेते सांगतात. पण ती परीक्षा तेल पसरलेल्या उतारावर बूट घालून घेतलेली असते. अनवाणी पायांची, साबणाच्या पाण्यावरची परीक्षा निराळी. तिच्या श्रेणी ‘ए’, ‘बी’, ‘सी’ अशा असून ‘सी’ सर्वांत पकड देणारी. न्हाणीघरासाठी हीच श्रेणी विचारावी. विक्रेत्यास ती सांगता आली नाही, तर नमुन्याची एक फरशी घरी आणावी, साबणाचे पाणी ओतावे आणि भिंतीचा आधार घेऊन अनवाणी उभे राहून पाहावे. न्हाणीत फरशी लहान व खरबरीतच बरी. लहान फरश्यांना मोरीकडे उतार नीट देता येतो आणि सांधेही अधिक असल्याने पायास पकड मिळते. सांध्यांत मळ साचतो हे खरे. तो ब्रशाने निघतो.

आता थोडे अंकगणित, कारण सवय जात नाही. दहा फूट रुंद व बारा फूट लांब खोलीचे क्षेत्रफळ १२० चौरस फूट. दोन फुटी चौरस फरशी चार चौरस फूट व्यापते, म्हणजे ३० फरश्या; तुटफूट धरून ३३ घ्याव्यात. सर्व खोकी एकाच भट्टीच्या खेपेची आहेत ना, हे खोक्यावरील क्रमांक ताडून पाहावे. खेप बदलली की छटा बदलते. उरलेल्या दोन-तीन फरश्या माळ्यावर जपून ठेवाव्यात, कारण पुढे तीच फरशी बाजारात मिळेलच असे नाही.

काम पुरे झाल्यावर एक रुपयाचे नाणे घेऊन प्रत्येक फरशीच्या चारही कोपऱ्यांवर वाजवावे. भरीव आवाज आला तर ठीक. पोकळ आला तर खाली मसाला पुरता भरलेला नाही; जड कपाट वा पाटा-वरवंटा आपटताच ती फरशी तडकेल. अशी प्रत्येक फरशी खडूने खूण करून बदलून घ्यावी, आणि तोवर गवंड्याचा अखेरचा हप्ता हातात ठेवावा.