चार तारांची शाळा

३४ वर्षें मुलांना शिकविल्यावर स्वतःला शिकविणें सोपें जाईल, असें मला वाटलें होतें. नातू शिक्षणासाठीं पुण्यास गेला आणि त्याची बेस गिटार कोल्हापुरांतच राहिली; ती मीं हातीं घेतली. गाण्याच्या तळाशीं राहून आधार देणारें हें वाद्य. तारा चारच. सर्वांत जाड तार षड्ज मानली, तर दुसरी मध्यम, तिसरी कोमल निषाद आणि चौथी वरच्या सप्तकांतील कोमल गांधार. प्रत्येक तार मागल्या तारेचा मध्यम, हें उमगलें आणि निम्मी भीति गेली.

तरी महिनाभर तार खरखरत होती. मीं वाद्यालाच दोष दिला. चूक बोटाची होती! तें दोन पडद्यांच्या मध्यावर पडे. पडद्याला अगदीं लगत, खुंट्यांच्या बाजूस पडावयास हवें. विद्यार्थ्याची अशी चूक मला शेवटच्या बाकावरही दिसली असती.

येथें गोविंदराव टेंबे (१८८१–१९५५) आठवतात. १९११ सालच्या ‘मानापमाना’ला चाली देणारे हे पेटीवादक कोल्हापुरांत वाढले. पेटी ते बव्हंशीं आपली आपणच शिकले. परंतु भास्करबुवा बखले यांना गुरु मानीत. बोटांना शिकविणारा नसला, तरी कानापुढें गायक होता.

मीही आतां आधीं गाणें ऐकतों, त्यांतला खालचा स्वर गुणगुणतों, मगच तारेला हात लावतों. रोज वीस मिनिटें. अधिक बोटें सोसत नाहींत. दिवाळीस नातू येईल. त्यानें गावें आणि मीं खालचा स्वर धरावा, असा बेत आहे. त्याला अद्याप कळविलेलें नाहीं.