सगळी दारं एकाच मालकाची



धरणगाव तालुक्यात सकाळी फोन हातात घेतला की बहुतेक घरांत आधी व्हॉट्सॲप उघडतं. जिनिंगचा कापसाचा भाव तिथे कळतो. शाळेची सूचना, नळाला पाणी कधी येणार याचा निरोप, लग्नाची पत्रिका, सगळं तिथेच येतं. दुपारी जरा टेकलं की इन्स्टाग्रामवर अहिराणी गाण्यांच्या रील्स असतात, आणि जुने मित्र भेटतात ते फेसबुकवर. दिसायला ही तीन ॲप्स वेगळी आहेत. मालक मात्र एकच आहे, मेटा नावाची अमेरिकन कंपनी.

ही ॲप्स टाकून द्या, असं मी सांगणार नाही. त्यांनी आपली मोठी सोय केली आहे. पण घरातला, शेतातला आणि दुकानातला सगळा व्यवहार एकाच कंपनीच्या भरवशावर सोडणं धोक्याचं आहे, हे मला आज कळकळीने सांगायचं आहे.

आधी हे घडलं कसं ते पाहू. तेव्हा फेसबुक नावाने ओळखल्या जाणाऱ्या या कंपनीने २०१२ साली इन्स्टाग्राम विकत घ्यायचं ठरवलं, तेव्हा किंमत लागली होती १ अब्ज डॉलर. २०१४ साली व्हॉट्सॲपसाठी १९ अब्ज डॉलरचा सौदा जाहीर झाला. मधल्या काळात, २०१३ मध्ये, कंपनीने ओनावो ही इस्रायली कंपनी घेतली होती. ओनावोचं ॲप लोक डेटा वाचवण्यासाठी फोनमध्ये टाकत. पण त्यातून लोक कोणतं ॲप किती वापरतात, हे कंपनीला दिसत असे. कोण वाढतंय हे आधीच कळलं, की त्याला विकत घेता येतं किंवा त्याच्यासारखं दुसरं काढता येतं.

टिकटॉक या छोट्या व्हिडिओंच्या ॲपचंच बघा. २९ जून २०२० रोजी भारत सरकारने ५९ चिनी ॲप्सवर बंदी घातली, त्यात टिकटॉक होतं. खेड्यापाड्यांतल्या हौशी कलाकारांनी तिथे जमवलेला प्रेक्षक एका रात्रीत गेला. पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामने भारतात रील्स सुरू केल्या आणि बरीचशी मंडळी तिकडे वळली. मेहनत कलाकाराची होती, पण प्रेक्षकांची यादी कधीच त्याच्या हातात नव्हती. आजही नाही.

आता आपल्या शेजारच्या धुळे जिल्ह्यातली एक दुःखद घटना. १ जुलै २०१८, रविवार. साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याचा आठवडे बाजार. मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षेसाठी तिथे आले होते. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे, असे मेसेज त्या दिवसांत व्हॉट्सॲपवर फिरत होते. जमावाने त्या पाचही निरपराध माणसांना ठार मारलं. मारणाऱ्यांचा गुन्हा त्यांचाच होता. पण अफवा इतक्या वेगाने पसरली कशी, हाही प्रश्न होताच. देशभर अशा घटना घडल्या, सरकारने कंपनीला जाब विचारला. त्यानंतर त्याच महिन्यात फॉरवर्ड केलेल्या मेसेजवर तसा शिक्का दिसू लागला आणि भारतात एका वेळी पाचच ठिकाणी मेसेज पुढे पाठवण्याची मर्यादा जाहीर झाली. म्हणजे साक्रीच्या बाजारात अफवा किती वेगाने धावेल, याचा नियम कंपनीच्या कॅलिफोर्नियातल्या कचेरीत ठरतो.

४ ऑक्टोबर २०२१ चा दिवसही आठवून पाहा. कंपनीच्या यंत्रणेत बिघाड झाला आणि फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲप तिन्ही एकाच वेळी सुमारे सहा तास जगभर बंद पडली. ज्यांच्या दुकानाच्या ऑर्डरी फक्त तिथेच येत, त्यांचा धंदा त्या रात्री थांबला.

मग कायदा काय करतो? २०२१ मध्ये व्हॉट्सॲपने नवी अट घातली, की माहिती मेटाच्या इतर कंपन्यांना देण्यास मान्यता द्या, नाहीतर ॲप सोडा. भारतीय स्पर्धा आयोगाने हा बाजारातल्या वर्चस्वाचा गैरवापर ठरवला आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये मेटाला २१३.१४ कोटी रुपयांचा दंड केला. व्हॉट्सॲपवर आपण एकमेकांना लिहिलेला मजकूर कंपनीला वाचता येत नाही, हे खरं आहे. पण आपण कोणाशी, कधी, किती वेळा बोलतो ही माहितीसुद्धा मोलाची असते.

आता आपल्या हातात काय आहे, ते सांगतो.

पहिली गोष्ट, महत्त्वाचे नंबर एका वहीत लिहून ठेवा. केळीचे व्यापारी, कृषी सेवा केंद्र, दवाखाना, शाळा. दुकानदारांनी नेहमीच्या गिऱ्हाइकांची यादीही वहीत ठेवावी. कलाकारांनी आपल्या मूळ व्हिडिओंची प्रत पेनड्राइव्हवर किंवा कॉम्प्युटरमध्ये जपावी आणि एकाहून अधिक ठिकाणी ते टाकावेत.

दुसरी गोष्ट, शाळा आणि ग्रामपंचायतींना माझी विनंती आहे. सूचना ग्रुपवर जरूर टाका, पण फलकावरही लावा, दवंडी द्या, साधा एसएमएस पाठवा. ज्या आजीकडे स्मार्टफोन नाही, तिलाही पाण्याची वेळ कळली पाहिजे.

तिसरी गोष्ट, व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये जाऊन टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करा. लिंक्ड डिव्हाइसेसमध्ये अनोळखी यंत्र दिसलं तर लगेच काढून टाका. आपल्याला ग्रुपमध्ये कोण घेऊ शकतं, हे प्रायव्हसीमध्ये ठरवता येतं. ओटीपी कोणालाही सांगू नका. पैसे गेलेच, तर वेळ न घालवता १९३० या क्रमांकावर फोन करा.

चौथी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. मेसेज अनेकदा फॉरवर्ड झाल्याची खूण दिसली, की हात आवरा. मुलं पळवणारे, दंगल, आजारावरचा रामबाण उपाय, असं काही असेल तर आधी पोलीस ठाण्यात किंवा डॉक्टरांना विचारा. खात्री झाली नाही, तर पुढे पाठवू नका. अशा मेसेजसाठी कंपनीची मर्यादा एका वेळी एकाच ठिकाणी पाठवण्याची आहे. आपली मर्यादा त्याहून कडक असू शकते, आणि ती पाळायला कोणाची परवानगी लागत नाही.

आज संध्याकाळी घरातल्या तरुण मुलामुलींना सोबत घेऊन वही आणि सेटिंग्जची कामं करा. तासाभरात होतील.